गहाण पडलेले पांघरूण

ज्यू समाज तोरा हा आपला धर्मग्रंथ दर आठवड्याला थोडा थोडा असा वर्षभरात वाचून संपवतो आणि सिम्हात तोराच्या सणाला पुन्हा आरंभापासून सुरू करतो. सिनाय पर्वतावरील दहा आज्ञांचा भाग झाला की पुढच्याच शनिवारी 'मिश्पातीम' येतो. मिश्पातीम म्हणजे कायदे. मेघगर्जना संपली, विजा थांबल्या आणि पहिलेच कलम कशाचे? गुलामाचे! हिब्रू गुलाम सहा वर्षे राबला की सातव्या वर्षी काहीही न देता मुक्त.

आम्हा वकिलांना यातले दुसरेच एक कलम मोलाचे वाटते. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करा, नाहीतर तो रात्री पांघरणार काय? कर्ज बुडत नाही. पण उघड्या अंगावरून वसुली नाही. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० काढून पाहा. ऋणकोचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती आणता येत नाही.

पण कोणताही ग्रंथ डोळे मिटून वाचू नये. परक्यावर जुलूम करू नका, तुम्हीही मिसरमध्ये परकेच होता, असे हाच भाग दोनदा बजावतो. आणि लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात परकीय गुलाम मुलाबाळांना वारशाने देण्याची मुभा आहे! पेसाखच्या रात्री प्रत्येक ज्यूने, मिसरच्या दास्यातून आपण स्वतःच सुटलो, असे मानायचे असते. घरातले धाकटे मूल त्या पंगतीत चार प्रश्न विचारते. वारशात आलेल्या त्या गुलामाबद्दल पाचवा प्रश्न कोणी विचारायचा?