टाकीपासून खाटेपर्यंत

नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी २२ रुग्ण प्राणवायूविना गेले, पण ते तुटवड्यामुळे नव्हे. देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली असताना इथे टाकी होती आणि ती भरायला टँकरही आला होता. टाकीपाशी गळती लागली, पांढरे ढग आवारभर पसरले आणि वॉर्डांतल्या नळ्यांमधला दाब उतरला. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला तेवढा खंडही सोसत नाही.

त्याच वर्षी भंडारा, विरार आणि अहमदनगर इथल्या रुग्णालयांत आगी लागल्या. मग वरातीमागून घोडे निघावे तशी ‘फायर ऑडिट’ निघाली. भिंतीवरच्या लाल नळकांड्यांच्या तारखा पाहिल्या गेल्या, ते योग्यच झाले. पण प्राणवायूची नळी कोणी पाहायची?

पुण्याजवळच्या देहूरोडचेच घ्या. द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीचा परवाना नागपूरला मुख्यालय असलेली केंद्राची स्फोटके सुरक्षा संघटना देते. आगीसाठी राज्याचा २००६चा कायदा आहे, शुश्रूषागृहाच्या नोंदणीसाठी १९४९चा. इमारतीचा नकाशा मंजूर करते संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतले कॅन्टोन्मेंट बोर्ड. हद्द ओलांडून निगडीत शिरलात की तेच काम पिंपरी-चिंचवड महापालिकेचे. इतक्या कचेऱ्यांच्या मधून ती नळी मात्र ठेकेदाराच्या भरवशावर खाटेपर्यंत पोहोचते.

खरे तर काय हवे, ते जगाने ठरवून ठेवले आहे. आंतरराष्ट्रीय मानक प्राणवायूचे तीन स्रोत मागते: मुख्य, पर्यायी आणि राखीव. प्रत्येक विभागाला स्वतंत्र झडप हवी, म्हणजे एका वॉर्डाला आग लागली तर तेवढाच पुरवठा तोडता येतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण चादरीचासुद्धा भडका उडवतो. दाब घटताच परिचारिकेच्या टेबलाशी भोंगा वाजायला हवा. आणि ‘राखीव आहे’ या शब्दावर विसंबू नये. जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो; मिनिटाला १० लिटर घेणारे दहा रुग्ण तो सत्तर मिनिटांत संपवतात. चाकणचे ऑक्सिजन प्रकल्प देहूरोडहून जवळ आहेत, हा दिलासा तेवढ्या वेळात कामाचा नाही.

बंगले आणि सदनिका भाड्याने घेऊन चालणाऱ्या वृद्ध-शुश्रूषा केंद्रांची तर गोष्टच वेगळी. तिथे नळीही नसते. जिन्याखाली, कधी स्वयंपाकघराला लागून सिलिंडर उभे केलेले असतात. घर म्हणून मंजूर झालेल्या वास्तूत रुग्णालय चालते, हे नकाशावर कुठे उमटतच नाही.

कॅन्टोन्मेंट बोर्डाने नव्या कायद्याची वाट पाहू नये. प्राणवायू वापरणाऱ्या प्रत्येक वास्तूला भोगवटा दाखला देण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद करून पर्यायी पुरवठा आपोआप सुरू होतो का, हे अभियंत्याने उभे राहून पाहावे आणि सही करावी. जुन्या केंद्रांना सहा महिन्यांची मुदत द्यावी. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही हीच अट आपल्या हद्दीत लावावी.