जुन्या मोटारीतील ऊब आणि गारवा

१/ जुनी मोटार नव्याने उभी करताना हीटर दुरुस्त करणे आणि एसी बसवणे ही दोन कामे एकाच यादीत लिहिली जातात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती भिन्न आहेत. पहिल्याने गमावलेले परत येते; दुसऱ्याने कधी नव्हते ते येते. दोहोंना एकच नियम लावणे योग्य नव्हे.

२/ हीटरचे तत्त्व साधे आहे: इंजिनाचे तापलेले पाणी एका छोट्या जाळीतून फिरवायचे आणि तिच्यावरून हवा सोडायची. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची ताजी हवा गाळून, अशी तापवून आत घेण्याची सोय केली. तांब्या-पितळेची ही जाळी कालांतराने गाळाने तुंबते वा गळू लागते. रेडिएटरचा जाणता कारागीर ती उघडतो, साफ करतो आणि डाख देऊन पुन्हा जोडतो. मूळ वस्तू मूळ जागी राहते. हे खरे जतन.

३/ एसीची कथा निराळी. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलांसाठी तो कारखान्यातूनच देऊ केला. हवा गार करणारा भाग डिकीची बरीच जागा अडवी. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. गारवा बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा उतरवावा लागे. योजना लवकरच गुंडाळली गेली.

४/ १९५४ च्या नॅश अँबॅसेडरमध्ये हीटर आणि एसीची यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात एकत्र आली. पुढे हीच रचना रूढ झाली. बोध स्पष्ट आहे: एसी हा नंतर अडकवायचा दागिना नव्हे. रेडिएटर, वीजनिर्मिती आणि इंजिनाची ताकद यांच्याशी त्याचा हिशेब जुळावा लागतो.

५/ मुंबईत हा हिशेब आज विशेष महत्त्वाचा आहे. कुर्ल्यात तयार झालेली, फियाट ११०० च्या वंशातील प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. उरलेल्या खासगी गाड्या आता वारसा ठरत आहेत. १०८९ सीसीच्या, सुमारे ४० अश्वशक्तीच्या इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार टाकला, तर मे महिन्याच्या वाहतूककोंडीत पाणी उकळण्याची भीती असते.

६/ तरीही एसीला सरसकट विरोध करणे चूक आहे. आच्छादनाखाली उभी गाडी सुरक्षित नसते. रबर कडक होते, पेट्रोलचा चिकटा साचतो, ब्रेक जाम होतात. गारव्यामुळे घरची माणसे गाडीत बसणार असतील, तर तो गाडीचेही आयुष्य वाढवतो.

७/ कसोटी एकच: केलेला बदल मागे घेता येतो का? मोठा रेडिएटर, जादा पंखा, अल्टरनेटर, डॅशबोर्डखाली टांगलेले युनिट हे सारे बोल्टने बसवता येते आणि बोल्ट काढून उतरवताही येते. अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत अशी टांगती युनिटे सर्रास विकली जात. कापलेला डॅशबोर्ड मात्र पुन्हा अखंड होत नाही.

८/ म्हणून उतरवलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा, आणि गाडी विकताना ती पेटीही सोबत द्यावी. आजच्या मालकाला गारवा मिळावा. उद्याच्या मालकाला मूळ गाडी.