कंपवात आणि औषधाची भीती

कंपवाताचे औषध लवकर सुरू केल्यास मेंदूच्या पेशी अधिक मरतात, अशी समजूत आमच्या कानी येते. म्हणून कित्येक घरांत वडीलधाऱ्यांचे हाल चालू राहतात. ही भीती अगदीच निराधार नाही. डोपामिन बनवणाऱ्या पेशींतच त्याचे विघटन होऊन विषारी द्रव्ये निर्माण होऊ शकतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु रुग्णांचा अनुभव निराळा. नेदरलँड्समधील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेव्होडोपा ४० आठवडे आधी दिल्याने रोग थांबला नाही, तसा बळावलाही नाही. मग रुग्णाला आरामापासून वंचित का ठेवावे?

खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे १९३७ पासून ठाऊक आहे. तरी मात्रा न कळता घरचे चूर्ण देऊ नये. माळव्यातील शेतकरी बांधवांनो, पॅराक्वाट या तणनाशकाचा कंपवाताशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. फवारताना हातमोजे घाला, तोंड झाका.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००५ साली मृत्यू येईपर्यंत हा रोग सोसत सेवा केली. थरथरता हात लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.