यंत्राचा मंगळवार, शकावलीचा शुक्रवार

१/ 'इतिहासात आज' ही सदरे आता माणसे चालवत नाहीत. कोणी पायथनमध्ये दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहितो, तारखांची यादी तिच्या हवाली करतो आणि रोज सकाळी पोस्ट आपोआप पडते. यंत्राला विरोध नाही. यंत्राचे पंचांग हेच इतिहासाचे पंचांग, या समजुतीला मात्र आहे.

२/ स्वतः करून पाहा. पायथनच्या डेटटाइम मोड्यूलला १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारा. उत्तर येते १. तेथे सोमवार शून्य धरतात, म्हणजे हा मंगळवार. जेधे शकावली मात्र शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला शुक्रवार देते. मग चुकले कोण?

३/ चुकला तो प्रश्न विचारणारा. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन गणनेतील तारीख. पायथन काय, जावास्क्रिप्ट काय, दोन्ही आजची ग्रेगोरियन गणना मागे ताणत नेतात. ती अस्तित्वातच नव्हती अशा शतकांतही. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. आता १ मार्च १६३० टाका. यंत्र निमूटपणे शुक्रवार सांगते. (जयंती कधी साजरी करावी हा वाद येथे नको.)

४/ "दहा दिवसांनी काय बिघडते?" हा प्रश्न हमखास येतो. नोव्हेंबर १६७९ मध्ये महाराजांनी जालना लुटले. परतताना संगमनेरजवळ मोगलांशी झुंज झाली आणि अखेर पट्टा किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. हा सारा दिवसांचा हिशेब आहे.

आता कागद पाहा. पोर्तुगालने १५८२ मध्येच नवी गणना स्वीकारली. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनीच चालवली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. म्हणजे त्या काळात गोव्यात आणि सुरतेच्या वखारीत एकाच दिवशी लिहिलेल्या पत्रांवर दहा दिवसांच्या फरकाने तारखा पडत. ती एकाच रकान्यात भरून क्रमाने लावली, तर गोव्याचे आधीचे पत्र सुरतेच्या पत्रानंतरचे ठरू शकते. आणि मग बातमी प्रथम कोणाला कळली यावर आपण आत्मविश्वासाने निबंध लिहितो!

५/ याच जिल्ह्यातील दुसरी तारीख : असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. यंत्र शुक्रवार सांगते आणि तो बरोबर आहे, कारण तोवर इंग्रजांनीही गणना बदलली होती. खरा धोका येथेच आहे. एक तारीख पडताळली, जुळली, की उरलेली यादी न तपासताच खरी मानली जाते. (जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते. तेथे सप्टेंबरसाठी ९ लिहिलात, तर वेलस्ली ऑक्टोबरात लढेल.)

६/ तिसरी चूक सर्वांत महाग. १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होते आणि तेथील दफ्तर फसली सनाने चाले. हे वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास, आझूर महिन्यापासून सुरू होई. "फसलीत ५९० मिळवा" हा सोपा नियम म्हणूनच केवळ डिसेंबरअखेरपर्यंत खरा. जानेवारीपासून ५९१ मिळवावे लागतात. १३५७ मध्ये ५९० मिळवले की येतात १९४७. पण सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाईही फसली १३५७ मध्येच पडते. ५९० मिळवणारी स्क्रिप्ट मराठवाड्याला वर्षभर आधीच मुक्त करून टाकते.

७/ हा केवळ छंदाचा विषय राहिलेला नाही. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निजामकालीन नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या नोंदींतून कोणता निष्कर्ष काढावा यावर तीव्र मतभेद आहेत. परंतु पणजोबांच्या नोंदीचे साल एका ओळीच्या बेरजेने सरकले, तर कोणत्याच पक्षाचा पुरावा धड राहत नाही.

८/ म्हणून आग्रह एवढाच. मूळ तारीख कागदावर आहे तशी, अक्षररूपात जपा. गणनेचे नाव शेजारच्या रकान्यात लिहा. रूपांतरित तारीख तिसऱ्या रकान्यात. ती चुकली तर पुन्हा काढता येते, पुसलेली मूळ तारीख परत येत नाही. नुसता महिना ठाऊक असेल तर यंत्राच्या समाधानासाठी '१ तारीख' चिकटवू नका. कागदावर वार दिला असेल तर तो पडताळा, आणि जुळेपर्यंत पोस्ट थांबवा.

९/ पेशवे दफ्तरातील सुहूर सन आणि राज्याभिषेक शक यांच्याविषयी पुढील धाग्यात.