मित्राचे युद्ध आणि घरचे कोठीघर

एकत्र कुटुंबातील व्यवहार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांस ही गोष्ट निराळी सांगावयास नको. संकटात सापडलेल्या सोयऱ्यास मदत करावयाची की नाही, याचा निर्णय ओसरीवर होतो. त्या मदतीची झळ मात्र माजघरास लागते. कर्त्या पुरुषाने शब्द दिला की कोठीतील तांदूळ मापून जातो, आणि पुढील चार महिने कोणाच्या ताटातील तूप कमी करावयाचे हे ज्या बाईस ठरवावे लागते, तिला ओसरीवरील बैठकीस कोणी बोलाविलेले नसते. राष्ट्राराष्ट्रांतील स्नेहाचेही पुष्कळसे असेच आहे. २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, त्यानंतर अमेरिकेने युक्रेनला जी शस्त्रे व जो पैसा दिला, त्यावरून त्या देशात बराच वाद माजला. एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ६१ अब्ज डॉलरांची आणखी एक तरतूद मंजूर झाली. त्या वेळी 'घरी महागाई असता हा पैसा परक्यांस का?' असा एका पक्षाचा प्रश्न होता, आणि 'यांतील बराच पैसा आपल्याच कारखान्यांत खर्च होतो' असे दुसऱ्या पक्षाचे उत्तर होते. हा प्रश्न आणि हे उत्तर, दोन्ही जुनी आहेत. त्याच देशात १९४१ साली हाच वाद याहून फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला, आणि त्याचा एक धागा आपल्या घरातील जुन्या रुपयांच्या पुरचुंडीपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून या महिन्यात त्याचीच हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१९४० चे वर्ष सरत आले तेव्हा फ्रान्स पडला होता, लंडनवर बाँबचा वर्षाव चालू होता आणि इंग्लंडची तिजोरी वेगाने रिती होत होती. अमेरिकेचा दंडक असा की, लढणाऱ्या राष्ट्राने माल रोख पैसे मोजून घ्यावा व आपल्याच जहाजांतून न्यावा. ८ डिसेंबर रोजी चर्चिल यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांस एक लांबलचक पत्र लिहिले. त्याचा एक इत्यर्थ असा की, रोकड संपण्याची घटका जवळ आली आहे. पुढे १७ डिसेंबरला रूझवेल्ट यांनी वृत्तपत्रकारांपुढे एक दृष्टांत मांडला. शेजाऱ्याच्या घरास आग लागली असता आपण त्याला बागेतील पाण्याची नळी देतो. आधी तिचे पंधरा डॉलर टाक, असे म्हणत नाही. आग विझल्यावर नळी परत मिळाली म्हणजे झाले. दृष्टांत चतुर होता यात शंका नाही. परंतु नळी परत मिळते, डागलेला तोफगोळा परत मिळत नाही, हा भेद कोणाच्याही ध्यानात यावा असाच आहे. विरोधकांपैकी सेनेटर टाफ्ट यांनी तो बोलून दाखविला : युद्धसामग्री उसनी देणे हे चुइंगम उसने देण्यासारखे आहे, एकदा चघळलेले ते परत कोणास हवे असते? सोवळ्याओवळ्याचा गंधही नसलेल्या देशातील गृहस्थास उष्ट्याचा विचार नेमक्या वेळी सुचावा, याची आम्हांस मोठी मौज वाटते.

दोन महिने खल झाला. कनिष्ठ सभागृहात २६० विरुद्ध १६५ आणि सेनेटात ६० विरुद्ध ३१ मते पडली, आणि ११ मार्च १९४१ रोजी 'लेंड-लीज', म्हणजे उसनवारी व भाडेपट्टा यांचा कायदा झाला. त्यातील एक कलम आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. कोणाला काय दिले याचा हिशेब अध्यक्षांनी दर ९० दिवसांनी प्रतिनिधिसभेपुढे ठेवावा, अशी त्यात अट होती. लष्करी गुपिते तेवढी वगळण्याची मुभा असे. बाकीचा हिशेब चारचौघांत वाचला जाई आणि त्यावर टीकाही होई.

पहिल्याच महिन्यात ७ अब्ज डॉलर मंजूर झाले. युद्ध संपेपर्यंत एकूण आकडा सुमारे ५० अब्जांवर गेला; त्यांतील ३१ अब्जांच्या आसपास ब्रिटन व त्याच्या साम्राज्याच्या वाट्यास आले आणि ११ अब्ज रशियाच्या. अमेरिकेच्या साऱ्या युद्धखर्चाचा हा ढोबळमानाने सहावा हिस्सा होता. एवढी रक्कम कोठून आली? काही कर्जातून आली. रोखे शाळकरी मुलांपर्यंत विकले गेले. पावणेएकोणीस डॉलर द्यावे आणि दहा वर्षांनी पंचवीस घ्यावे, असा त्यांचा लहानात लहान सौदा होता. काही करांतून आली. १९३९ साली त्या देशात प्राप्तिकर भरणारे सुमारे ४० लाख लोक होते, ते १९४५ पर्यंत ४ कोटींच्या पुढे गेले. जो कर पूर्वी धनिकांचा म्हणून ओळखला जात होता, तो आता गिरणीतील मजुरासही लागू झाला, आणि १९४३ च्या जुलैपासून तर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जाऊ लागला. ही नवी सवय लोकांच्या गळी उतरविण्यासाठी सरकारने १९४२ साली डिस्ने यांजकडून डोनाल्ड डक नामक बदकाचे चित्रपट काढविले. कर भरण्याचा उपदेश बदकाच्या तोंडून ऐकावयाचा प्रसंग आपल्यावर अजून आला नाही, हे आपले भाग्य!

याउलट बाजूही सांगितली पाहिजे. १९४० साली अमेरिकेत दर शंभर कामकऱ्यांमागे १४ ते १५ जण बेकार होते. १९४४ साली हे प्रमाण एकावर आले. त्याचे सारे श्रेय लेंड-लीजला देता येत नाही, कारण १९४१ च्या डिसेंबरपासून अमेरिका स्वतःच युद्धात उतरली होती. तथापि इंग्लंडसाठी सुरू झालेल्या कामांनी कारखान्यांची चाके आधीच फिरविली होती. ज्याच्या घरी दहा वर्षांच्या मंदीनंतर प्रथमच नियमित पगार येऊ लागला, त्याने परदेशच्या मदतीविषयी काय म्हणावे? त्याच्या दृष्टीने ती त्यालाच मिळालेली मदत होती.

आता स्वयंपाकघराकडे वळू. १९४२ च्या मे महिन्यात साखरेचे रेशन सुरू झाले, माणशी आठवड्यास अर्धा पौंड. नोव्हेंबरात कॉफी आली : पाच आठवड्यांस एक पौंड. १९४३ च्या मार्चमध्ये डबाबंद फळे-भाज्या, पाठोपाठ मांस, चीज, लोणी. पुस्तिकेत निळे व तांबडे शिक्के असत, आणि बाजारास निघालेल्या गृहिणीस पैशाचा हिशेब वेगळा व शिक्क्यांचा वेगळा, असे दोन हिशेब डोक्यात धरावे लागत. लोण्यावर फार कुरकुर झाली. आमचे लोणी रशियास का पाठविता, असे बायका विचारीत. साखर व कॉफी यांची टंचाई मात्र मुख्यतः जहाजे कमी पडल्यामुळे आणि फिलिपाईन्स बेटे जपानच्या हाती गेल्यामुळे झाली होती. पण रिकाम्या डब्यापुढे उभ्या असलेल्या माणसास हा भेद पटत नाही, आणि दोष परक्याच्या माथी मारणे नेहमीच सोपे जाते. वस्तुस्थिती अशी की, युद्धकाळात सामान्य अमेरिकन मनुष्य पूर्वीपेक्षा अधिकच खात होता. परसात, गच्चीवर, शाळेच्या पटांगणावर लोकांनी भाजीचे वाफे केले; अशा बागांची संख्या दोन कोटींच्या घरात गेली होती. तेव्हा झळ लागली खरी, पण ती मोजून लागली, सर्वांस सारखी लागावी अशी खटपट झाली, आणि कोणत्या कामासाठी लागते आहे हे लोकांस ठाऊक होते.

इंग्लंडचे ओझे उचलणारी अमेरिका एकटी नव्हती. दुसरा देश आपला. त्यास मित्रराष्ट्र म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे. कारण ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हॉइसरॉयांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले ते येथील कोणाही लोकनियुक्त पुढाऱ्यास न विचारता. मतमोजणी नाही, दोन महिन्यांचा खल नाही, ९० दिवसांचा हिशेब नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात खर्चाच्या वाटणीचा जो ठराव झाला तो वरवर पाहता उदार होता. हिंदुस्थानच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानने करावा, बाकीचा इंग्लंडने सोसावा. मेख फेडण्याच्या रीतीत होती. येथील धान्य, कापड, तंबू, बूट सैन्यासाठी खरेदी होत. इंग्लंड त्यांची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने आपल्या नावे जमा दाखवी, आणि त्या जमेच्या तारणावर रिझर्व बँक येथे नोटा काढून व्यापाऱ्यांचे पैसे भागवी. माल बाहेर गेला आणि नोटा घरी राहिल्या. युद्धारंभी सुमारे १७९ कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या, त्या १९४५ मध्ये ११०० कोटींच्या वर गेल्या. घाऊक भाव अडीच पटींच्या आसपास चढले.

हाच तो कर. तो कोणी मंजूर केला नाही, त्याची पावती कोणास मिळाली नाही, आणि मिळकत पाहून तो बसला नाही. ज्याच्या घरी विकावयास धान्य होते त्याचे साधून गेले. पण शिक्षक, कारकून, निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध, ठेवीच्या व्याजावर दिवस काढणाऱ्या विधवा, यांचा रुपया त्यांच्या हातात असतानाच विरघळला. महागाईभत्ता हा शब्द पांढरपेशा घरांत रुळला तो याच दिवसांत. सुटी नाणी दिसेनाशी झाली. १९४३ साली तांबे वाचविण्यासाठी मध्ये भोक असलेला पैसा निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत रेशन सुरू झाले आणि पुढे काळा बाजार हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी आला. हे आम्ही कष्ट म्हणून सांगतो, पण त्याच सालच्या बंगालपुढे त्यास कष्ट म्हणण्याचीही लाज वाटावी. चढलेले भाव, ब्रह्मदेशातून बंद झालेला तांदूळ, चक्रीवादळाने बुडालेले पीक, लष्कराच्या भीतीने काढून नेलेल्या होड्या आणि सरकारची ढिलाई, अशी अनेक कारणे तेथे एकत्र आली. चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख दिला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. सोयऱ्यास मदत करावी की न करावी, हा प्रश्न तेथे कोणास पडलाच नव्हता. त्यांस मुळी विचारलेच नव्हते.

हिटलरचा पराभव होणे अवश्य होते, आणि त्यासाठी कोणी झीज सोसावयास नको होती असे आमचे म्हणणे नाही. झीज सोसावयाचीच, तर ती कोणी, किती आणि किती दिवस, हे उघड्यावर ठरावे. अमेरिकन गृहिणीने लोण्यावरून कुरकुर केली ती तिला करता आली, कारण लोणी कोठे गेले हे तिला ठाऊक होते. ढाक्याच्या किंवा मेदिनीपूरच्या बाईस तांदूळ कोठे गेला हे सांगणारे कोणी नव्हते.

युद्धाअखेर इंग्लंडकडे आपले सुमारे १७०० कोटी रुपये येणे निघाले. ऋणको राज्यकर्ता, धनको त्याचा अंकित, असा हा अपूर्व व्यवहार! ते येणे पुढे हप्त्याहप्त्याने मोकळे झाले. त्यांतूनच १९४८ च्या करारान्वये इंग्रजांनी येथे मागे ठेवलेल्या लष्करी सामग्रीची किंमत आणि त्यांच्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने वळती झाली. इंग्लंडने स्वतः अमेरिकेकडून युद्ध संपताच घेतलेल्या ३ अब्ज ७५ कोटी डॉलरांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता तर थेट डिसेंबर २००६ मध्ये चुकता केला.

आता रुपयांची पुरचुंडी सोडू. महागाईने कावलेले लोक नोटांपेक्षा चांदी साठवू लागले, तेव्हा नाणी पाडण्यासाठी व बाजारात विकून नोटा परत ओढण्यासाठी अमेरिकेने लेंड-लीजखालीच हिंदुस्थानास सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली. अट एवढीच की, परत करावयाची ती औंसास औंस, चांदीच. फाळणीनंतर हे ऋण भारत व पाकिस्तान यांच्यात वाटले गेले. ते फेडण्यासाठी आपल्या सरकारने चलनातील चांदीचे रुपये माघारी घेऊन वितळविले आणि १९५७ पर्यंत चांदी अमेरिकेस पोहोचविली. ज्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात जुने रुपये अजून मांडले जातात, त्यांनी येत्या दिवाळीत त्यांवरील साल अवश्य पाहावे. राणीछाप रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आहे. १९४० ते १९४५ या सालांचा असेल तर निम्मी. आणि १९४७ चा, मागे वाघाचे चित्र असलेला रुपया निघाला, तर तो निव्वळ निकेलचा आहे.