सल्ला लिहिणे हेही पीक संरक्षणच

कार्यालयीन लेखनकौशल्याचा विषय निघाला की आपल्या क्षेत्रात तो अर्ज, अहवाल आणि शोधनिबंध यांपाशीच थांबतो. वास्तविक कृषी विज्ञान केंद्रातून किंवा तालुका कृषी कार्यालयातून बाहेर पडणारा सर्वांत परिणामकारक मजकूर अवघ्या तीन-चार ओळींचा असतो. तो म्हणजे कीड-रोगाचा सल्ला. अहवालातील वाक्य संदिग्ध राहिले तर वरिष्ठ खुलासा मागतात. सल्ल्यातील वाक्य संदिग्ध राहिले तर खुलासा कोणी मागत नाही. फवारणी होऊन जाते.

नेहमीच्या वळणाचे एक वाक्य पाहा : ‘गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव आर्थिक नुकसान पातळीच्या वर गेल्यास शिफारशीत कीटकनाशकाची योग्य प्रमाणात फवारणी करण्यात यावी.’ यात व्याकरणाची चूक नाही, शास्त्राचीही नाही. तरीही पातळी म्हणजे किती, ती मोजायची कशी, औषध कोणते आणि प्रमाण कोणते, हे चारही प्रश्न अनुत्तरितच राहतात. त्यांची उत्तरे मग कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मिळतात, आणि ती देणाऱ्याचे हित विक्रीत गुंतलेले असते.

हाच निकष असाही लिहिता येतो : ‘कामगंध सापळ्यातील पतंग रोज मोजा. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, अथवा २० हिरवी बोंडे फोडल्यावर दोन किंवा अधिक बोंडांत अळी आढळली, तरच फवारणी करा.’ त्यापुढे औषधाचे नाव आणि मात्रा. येथे ‘तरच’मधील ‘च’ हे एक अक्षर एखादी अनावश्यक फवारणी वाचवू शकते.

मात्रेचा आकडाही कधी एकटा लिहू नये. दहा लिटर पाण्यासाठीची मात्रा पाठीवरचा साधा पंप गृहीत धरते. पॉवर पंपाला एकरी पाणी कमी लागते, म्हणून तेथील हिशेब वेगळा असतो. शिफारस हेक्टरी आणि शेतकऱ्याचा हिशेब एकरी, हा तर नित्याचा घोळ. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. एकक वगळले तर मात्राही अडीचपट चुकू शकते.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. फवारणीतून झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि सगळे खापर भाषेवर फोडणे योग्य ठरणार नाही. परंतु डब्यावरील लाल, पिवळा, निळा, हिरवा हा विषारीपणाचा उतरता क्रम शेतमजुरापर्यंत पोहोचवणे हे आपलेच काम आहे. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार डब्यासोबतच्या माहितीपत्रकात प्रादेशिक भाषाही असावी लागते. नियमाने मजकूर मराठीत आणला. तो समजेल असा करणे आपल्याकडे राहिले.

चांगल्या सूचनेचे उदाहरण गाझियाबादमध्ये आहे. तेथील राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने २०१५ मध्ये ‘वेस्ट डिकंपोजर’ची २० रुपयांची बाटली आणली. त्या द्रावणाच्या परिणामांची चर्चा हा येथील विषय नाही. लक्षात घेण्याजोगी आहे ती त्याची कृती. दोनशे लिटर पाणी, दोन किलो गूळ, एक बाटली. दिवसातून दोनदा ढवळा. तयार द्रावणातील २० लिटर राखून पुन्हा तेच करा. मोजमाप ड्रमचे आणि किलोचे, क्रियापदे रोजच्या वापरातली. परिपत्रक हाती नसतानाही ही कृती एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे बिनचूक जाऊ शकते. सूचनेची खरी कसोटी हीच.

मात्र उत्तरेकडून येणारा हिंदी मजकूर जसाच्या तसा मराठीत उतरवण्यात धोका आहे. तिकडे ‘हरा तेला’ म्हणजे आपले तुडतुडे. आपल्याकडे ‘तेल्या’ म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग. शब्दसाम्यावर विसंबून भाषांतर केले की कीटक रोग होऊन बसतो आणि पुढचा सगळा सल्लाच फसतो. भाषांतर करणाऱ्याला दोन्ही भाषांइतकेच पीकही ठाऊक असले पाहिजे.

सोपे लिहिले की शास्त्रीय अचूकता हरवते, असा आक्षेप आपल्यातील काही मंडळी घेतात. महाराष्ट्रात २००९ पासून चाललेल्या ‘क्रॉपसॅप’ने मोबाइल संदेशांतून सल्ले पोहोचवले आहेत. देवनागरीतील एका संदेशात काना-मात्रेसह केवळ ७० चिन्हे मावतात. एवढ्या जागेत ‘योग्य ती दक्षता घ्यावी’ला स्थान देता येत नाही, कीड, निकष आणि कृती यांनाच द्यावे लागते. नेमके काय सांगायचे हे ठरवल्याशिवाय थोडक्यात लिहिताच येत नाही. सोपेपणा हा अचूकतेचा शत्रू नव्हे, मोघमपणा आहे.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक सल्ला पाठवण्यापूर्वी कार्यालयाबाहेरच्या एका शेतकऱ्याला वाचून दाखवावा आणि ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. कीड कशी ओळखायची, फवारणी केव्हा करायची, कोणते औषध किती पाण्यात किती घ्यायचे आणि फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तरच सल्ला पुढे जावा. याला दहा मिनिटे लागतात. वार्षिक अहवालात आपण किती सल्ले पाठवले याचा आकडा असतो. त्याशेजारी असे तपासून पाठवलेले किती, हाही आकडा असावा. शिफारस सिद्ध करण्यासाठी आपण अनेक हंगाम चाचण्या घेतो. ती सांगणाऱ्या वाक्याची निदान एक चाचणी व्हायला हरकत नसावी.