भूमातेच्या सेवेचे मोल

आपल्या इंदूरचे नाव कृषिशास्त्राच्या इतिहासात एका खतामुळे कोरले गेले आहे. १९२४ साली येथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, राख व गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत सिद्ध करण्याची रीत बसविली. १९३१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि ‘इंदूर पद्धती’ म्हणून देशोदेशी पोहोचली. मग माळव्याच्या शेताशेतांतून ती का रुजू नये?

शेतकऱ्याच्या आळसात याचे उत्तर शोधणे अन्यायाचे होईल. ते त्याच्या हिशेबात आहे. युरियाची ४५ किलोची गोणी त्यास सरकारी अनुदानामुळे सुमारे २६६ रुपयांत मिळते. खताचा ढीग रचावयाचा, त्यावर पाणी शिंपावयाचे, तो उलथावयाचा, म्हणजे मजुरी आली. शिवाय रासायनिक खत एकदम सोडले, तर पहिली काही वर्षे पीक उतरण्याची धास्ती असतेच. जमिनीचा कस सुधारला व विहिरीचे पाणी निर्मळ राहिले, तर त्याचा लाभ साऱ्या गावाला होतो. तोटा मात्र त्या एकट्याच्या पदरी पडतो.

“आईच्या सेवेचे वेतन कसले?” असे कोणी विचारील. प्रश्न गोड आहे; परंतु तो बहुधा ज्याचे पोट शेतीवर नाही, त्याच्याच मुखी शोभतो. युरियासाठी तिजोरी मोकळी होते, तर शेणखतासाठीच शेतकऱ्याने विरक्त का व्हावे?

सरकारने हे काही अंशी ओळखले आहे. २०१५ साली सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत गटाने सेंद्रिय शेती करणाऱ्यांस तीन वर्षांचे साहाय्य ठरविले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास संमती दिली.

तथापि, केवळ पैसा वाटल्याने माती सुधारत नाही. साहाय्य थांबताच जुनी वाट धरली गेली, तर सारा खर्च पाण्यात जाईल. म्हणून माझ्या मते दोन गोष्टी अवश्य व्हाव्यात. पहिली, बक्षिसाचा काही भाग मातीच्या परीक्षेवर अवलंबून असावा. मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण नोंदलेले असते. ते वाढले तर मोबदलाही वाढावा. दुसरी, जो बटाईने शेत कसतो, त्यालाही त्यात वाटा मिळावा. सातबारा किंवा खसरा ज्याच्या नावे, रक्कम त्याच्याच हाती, असे झाले तर घाम एकाचा आणि दाम दुसऱ्याचा, हा जुनाच न्याय पुढे चालेल.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी ती पत्रिका कपाटातून काढून वडिलांना एकदा वाचून दाखवावी. शाळेत मिळविलेल्या अक्षरज्ञानाचा याहून चांगला उपयोग कोणता?